ओमकारच्या पाठीवरची पिशवी

बेळगाव, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "ओमकारला तूच समजाव, तुझं तो ऐकतो." मागून आईचा आवाज येत होता, "फौजेत जाऊ दे, पण त्या कमांडोत नको." तेव्हा मला काही बोलवेना, म्हणून लिहितोय. मी त्याला अडवणार नाही. पण तो तयारी करतोय ती पद्धत आजच थांबवायला हवी.

दादाने व्हिडिओ पाठवला होता. पोरगं पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढतंय, पाठीवर सिमेंटच्या पिशवीत भरलेली वाळू, दोरीने आवळलेली. वीस किलो तरी असेल. आणि उतरताना चक्क पळतंय. चढताना नुसता दम लागतो. उतरताना प्रत्येक पावलाला सगळं वजन गुडघ्यावर आणि नडगीवर आदळतं. हाडाला आधी केसाएवढी चीर पडते. ती भरून यायच्या आत पुन्हा वजन पडलं की वाढत जाते. हे मी माझ्या पायावरून सांगतोय.

२०११ साली मी पॅरा एसएफसाठी, म्हणजे लष्कराच्या कमांडो पलटणीसाठी, नाव दिलं, तेव्हा तुम्ही कोंढवे-धावड्यात गल्लीभर पेढे वाटले होते. प्रोबेशन, म्हणजे निवडीची कसोटी, ९० दिवसांचं होतं. बेचाळिसाव्या दिवशी मी माझ्या जुन्या पलटणीत परत आलो आणि तुम्हाला सांगितलं की साहेबांनीच परत बोलावलं. ते खोटं होतं. उजव्या नडगीवर बोटभर जागा अशी होती की अंगठ्याने दाबली तर डोळ्यांपुढे अंधारी यायची. नऊ दिवस मी ती उस्तादांपासून आणि डॉक्टरांपासून लपवली. पट्टी आवळून बांधायची, वर दोन मोजे चढवायचे. एका रात्री पिट्ठू, म्हणजे पाठीवरचं ओझं, घेऊन चालताना पाय टेकवेनाच. एक्स-रेमध्ये चीर आरपार गेलेली दिसली. पहिल्याच दिवशी बोललो असतो तर हाड वाचलं असतं. बोललो नाही, कारण ते पेढे आठवायचे. बाबा, तुम्हाला दोष देत नाहीये. तुम्ही आनंदाने वाटले होते. इतकी वर्षं ही गोष्ट तुम्हा दोघांपासून लपवली, याचं मात्र मला फार वाईट वाटतं.

म्हणून एक मागणं आहे: ओमकार कमांडो होणार, असं शेजारीपाजारी कुणाला सांगू नका. तिथे सगळे स्वखुशीने जातात आणि बहुतेक जण परत येतात. परत आलेला जवान वाया गेलेला नसतो. परतीची वाट मोकळी असली की पोरगं दुखणं वेळेवर सांगतं.

आता तयारीचं. घराला लागून एनडीए, फौजेचे अधिकारी घडवणारी प्रबोधिनी, आणि त्याने फॉर्मही भरलेला नाही! साडेएकोणीस वर्षांपर्यंत संधी असते, लष्करासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते. अग्निवीर व्हायचं तर आधी लेखी परीक्षा, मग १६०० मीटर धावणं. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात, हे त्याला आजच कळू दे. दादा ज्या भरतीच्या अकॅडमीत पैसे भरायला निघालाय तिथे आधी एक छदाम देऊ नका. सपाट तळवे, गुडघ्याला गुडघा लागणं, रंग नीट न ओळखता येणं, यावर पोरं मेडिकलला बाहेर पडतात. ते आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

वजन दोन-तीन महिने नकोच. मऊ मातीवर धावू दे, जोर-बैठका आणि पुलअप्स काढू दे, पोहायला शीक म्हणावं. वजन नंतर पाच किलोपासून वाढवता येतं. आणि अभ्यास सोडू नको म्हणावं. तिथल्या तुकडीत कुणी जखमा बांधणारा, कुणी वायरलेसवाला, कुणी स्फोटकांचा जाणकार असतो. दोन रात्री झोप नसताना नकाशा वाचावा लागतो. माझ्यासोबत एक किडकिडीत गढवाली पोरगा होता. प्रत्येक थांब्यावर तो आधी शेजाऱ्याची पाण्याची बाटली हलवून बघायचा, मग स्वतःची. त्याला पॅराची मरून टोपी मिळाली. आमच्यातल्या सगळ्यात आडदांड गड्याला नाही मिळाली.

आई, तुझ्या भीतीवर माझ्याकडे औषध नाही. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २१ पॅराचे. ती पलटण मूळची आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचीच. १७ नोव्हेंबर २०१५ ला ते काश्मीरमध्ये कुपवाड्यात शहीद झाले, तेव्हा तू दिवसभर जेवली नव्हतीस, दादाने सांगितलं होतं. पुढे त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. असं काही होणारच नाही, हे मी तुला सांगू शकत नाही. ओमकारलाही सांगणार नाही. दादाला म्हणावं, त्याला एकदा खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरला घेऊन जा. पाठीचा कणा दुखावलेले जवान तिथे आहेत, कुणी तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. त्यांच्याजवळ तासभर बसू दे, बोलू दे. तरीही त्याला जायचंच असेल, तर मी त्याच्या मागे उभा आहे. तुम्हीही राहा.

दिवाळीच्या सुट्टीला येतोय. बाबा, तोवर त्या पिशवीची दोरी सोडून ती अंगणात रिकामी करा, वाळू आईच्या कुंड्यांना होईल. मी आलो की ओमकार आणि मी सिंहगडावर जाऊ, मोकळ्या पाठीने, आणि उतरताना चालत येऊ.

गुडघ्याला तेल लावत जा. आईची बीपीची गोळी चुकवू नका.

तुमचा,
बाळू