मॅग व्हीलची पाठ वाचून मगच पैसे द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रांच्या वाहन पुरवण्यांत स्पोर्टी गाड्यांना बाहेरून बसवलेल्या मॅग व्हीलचे (मिश्रधातूच्या ओतीव चाकांचे) आणि बॉडी किटचे फोटो वरचेवर छापून येतात. फोटोखाली किती इंची चाक आणि किंमत किती, एवढंच असतं. रुंदी, ऑफसेट, बोल्टची बैठक, वजन पेलण्याची मर्यादा यांचा पत्ता नसतो. तरुण वाचक तो फोटो मोबाइलमध्ये घेऊन दुकानात जातो आणि ‘हेच चाक द्या’ म्हणतो. गाडीचं सगळं वजन, ब्रेक आणि स्टिअरिंग ज्यावर टेकलेलं असतं, ती वस्तू निव्वळ रंगरूपावर खपते, याचं चाकांच्या कामातल्या आम्हा लोकांना मनापासून वाईट वाटतं.

उदाहरणाला एकच गाडी घेऊ, स्कोडा ऑक्टाव्हियाचं स्पोर्टी रूप, ऑक्टाव्हिया आरएस. ऑक्टाव्हिया आपल्याच छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून जुळायला लागली. २०१७ साली आलेली २३० पीएसची आरएस आजही जुन्या बाजारात लोक शोधून घेतात, आणि घेतल्यावर पहिला हात बहुधा चाकांनाच लागतो. या गाडीचं पीसीडी ५×११२ आहे, म्हणजे पाच बोल्टची छिद्रं ११२ मिमी व्यासाच्या वर्तुळावर आहेत. चाकाच्या मधलं भोक ५७.१ मिमी, बोल्ट एम १४×१.५. कंपनीचं १८ इंची चाक साडेसात इंच रुंद आणि ईटी ५१ ऑफसेटचं, म्हणजे गाडीच्या हबवर (चाक ज्यावर बसतं त्या भागावर) टेकणारी त्याची बाजू रुंदीच्या मध्यापासून ५१ मिमी बाहेरच्या अंगाला असते. हे आकडे वहीत लिहून घ्यावेत आणि दुकानात त्यांवरूनच बोलावं.

बऱ्याच जपानी आणि कोरियन गाड्यांची चाकं ५×११४.३ ची असतात. ११२ आणि ११४.३ डोळ्यांना सारखेच दिसतात, त्यामुळे ‘थोडं ओढून बसतं’ असं सांगून ते चाक गळ्यात मारलं जातं. फरक प्रत्येक बोल्टमागे साधारण १.१५ मिमीचा. तेवढ्यानेही बोल्ट तिरका जातो, त्याचं डोकं एकाच कडेवर टेकतं आणि चालत्या गाडीत तो ढिला होतो किंवा मानेत तुटतो. पीसीडीच्या बाबतीत ‘जवळपास’ चालत नाही.

पीसीडी जुळलं तरी मधलं भोक जुळेलच असं नाही. मर्सिडीजचं चाक त्याच ५×११२ चं असतं, पण भोक ६६.६ मिमीचं. ऑक्टाव्हियाच्या ५७.१ च्या हबवर ते चढवलं तर मध्ये साडेनऊ मिमीचा फरक उरतो आणि चाक हबवर न टेकता नुसत्या बोल्टवर लटकतं. अनेक गाड्यांना चालावं म्हणून बाजारातली बरीच चाकं ७३.१ मिमी भोकाची ओततात. अशा वेळी ७३.१ ते ५७.१ मापाची रिंग मध्ये बसवलीच पाहिजे. ती न बसवता केलेल्या कामाची खूण ठरलेली आहे: गावात काही कळत नाही, एक्स्प्रेस वेवर ८० ते ११० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं. मालक तीन-तीनदा बॅलन्सिंग करून घेतो आणि यंत्र प्रत्येक वेळी शून्य दाखवतं. दाखवणारच. यंत्रावर चाक मधल्या भोकात शंकू घालून बरोबर केंद्रात धरलेलं असतं, गाडीवर मात्र ते केंद्रात बसलेलंच नसतं. प्लास्टिकची रिंग घाटात ब्रेक तापले की मऊ पडते. ॲल्युमिनियमची टिकते, पण पावसाळ्यानंतर हबला चिकटून बसते. दरवर्षी चाक उतरवून हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढावा.

बोल्ट हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. कंपनीच्या बोल्टचं डोकं जिथे चाकावर टेकतं ती जागा चेंडूसारखी गोल असते, १३ मिमी त्रिज्येची. बाहेरच्या बहुतेक मॅग व्हीलमध्ये ती बैठक ६० अंशांच्या शंकूची असते. शंकूच्या बैठकीत गोल बोल्ट आवळला तर दोन्ही एका बारीक रेघेवरच भेटतात. पाना ‘आवळलं’ सांगतो, पन्नास-शंभर किलोमीटरवर ती रेघ दबते आणि ताण सुटतो. बैठकीत बोटाने रंग लावून बोल्ट एकदा बसवून काढा. रंग पूर्ण पट्टीभर उठला तर बैठक बरोबर. नुसती वर्तुळाची रेघ उठली तर तो बोल्ट परत करा.

लांबीही तपासायची. एम १४×१.५ चा बोल्ट हाताने फिरवला तर किमान साडेसात फेरे आत गेला पाहिजे. जाड मॅग व्हील किंवा मागे स्पेसर (चाक आणि हब यांच्यात घालायची चकती) असेल तर जुना बोल्ट तेवढा जात नाही. उलट गरजेपेक्षा लांब बोल्ट हबच्या पाठीमागे डोकावतो आणि आतल्या भागांना घासतो. म्हणून सगळे आवळल्यावर चाक हाताने पूर्ण फिरवून आवाज ऐकावा. आवळणी गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कवर (आवळण्याच्या ठरलेल्या जोरावर), या गाडीला १२० न्यूटन मीटर, ताऱ्याच्या क्रमाने, म्हणजे एक बोल्ट सोडून पुढचा, टॉर्क पान्याने. हवेच्या गनवर शेवटचा आवळा कधीही घेऊ नये. आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू नये, कारण घर्षण घटलं की त्याच १२० वर बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर चाक थंड असताना तोच टॉर्क पुन्हा तपासावा.

इथे स्टेपनी सगळे विसरतात. मॅग व्हीलला शंकूचे बोल्ट घेतलेत, पण डिकीतली लोखंडी स्टेपनी गोल बैठकीचीच राहिली. रात्री खंबाटकी घाटात पंक्चर झाल्यावर हातात चुकीचे बोल्ट येतात. कंपनीचे पाच मूळ बोल्ट कापडी पिशवीत घालून स्टेपनीच्या खोलगटात ठेवून द्या.

आता ऑफसेट. चाक मडगार्डाबाहेर किती येईल हे कागदावर काढता येतं. कंपनीचं १८×७.५ ईटी ५१ काढून १८×८ ईटी ३५ घातलं तर रुंदी अर्ध्या इंचाने, म्हणजे १२.७ मिमीने वाढते, निम्मी प्रत्येक बाजूला: ६.३५. ऑफसेट १६ मिमीने घटला, म्हणजे चाक तेवढं बाहेर सरकलं. बाहेरची कड २२ मिमीहून जास्त बाहेर. मागे तीन माणसं बसली आणि खड्डा आला की टायर मडगार्डाच्या आतल्या काठाला कापला जातो. मग कोणी हीट गन लावून तो काठ वाकवतो, रंग तडकतो आणि दोन पावसाळ्यांत तिथून गंज धरतो. शिवाय स्टिअरिंग रस्त्याच्या चाकोऱ्यांमागे ओढ घेतं आणि व्हील बेअरिंगवर भार वाढतो. हेच चाक ईटी ४५ मध्ये घेतलं तर बाहेर सुमारे १२ मिमी येतं, आत जेमतेम अर्धा मिमीही जात नाही. दिसायला भरगच्च आणि घासायची भीती कमी, म्हणून आमची पसंती याला. पण विकत घेण्याआधी एक चाक पुढे बसवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि ब्रेक कॅलिपर (ब्रेकची चकती दाबणारा भाग) ते आरा यांच्यात किमान ३ मिमी जागा राहते का हे पाहूनच उरलेल्या तीन चाकांवर टायर चढवावेत. एकदा टायर चढलेलं चाक दुकानदार परत घेत नाही.

इंचांच्या हौसेबद्दल स्पष्ट लिहितो. टायरच्या मापात पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटचा रिमचे इंच. २२५/४५ आर १७ चा बाहेरचा व्यास ६३४ मिमी, २२५/४० आर १८ चा ६३७, २२५/३५ आर १९ चा ६४०. तिन्हींत स्पीडोमीटरचा फरक एक टक्क्याच्या आत, त्यामुळे तिन्ही ‘बसतात’. फरक आहे तो टायरच्या बाजूच्या भिंतीत: १०१ मिमी, ९० मिमी आणि ७९ मिमी. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्याची काँक्रीटची कड लागली की ७९ मिमीची भिंत रिमपर्यंत दाबली जाते, आतले दोरे तुटतात आणि टायरला फुगा येतो. रिम बहुधा आतल्या कडेला वाकते, जी उभ्याने दिसतच नाही. आपल्या रस्त्यांवर रोज चालवायच्या गाडीला १७ उत्तम, १८ ही शेवटची हद्द. १९ इंची चाक या गाडीला आम्ही सुचवणार नाही. आणि टायर घेताना लोड इंडेक्स उतरू देऊ नका. ९२ म्हणजे एका टायरला ६३० किलो, ९१ म्हणजे ६१५. कमी उंचीचा टायर ‘एक्सएल’ (जादा भार पेलणाऱ्या) खुणेचाच घ्यावा आणि हवा त्याच्या तक्त्याप्रमाणे भरावी.

चाक उलटं करून पाठ वाचली की अर्धं काम झालं. ओतीव अक्षरांत रुंदी, ईटी, पीसीडी आणि कमाल भार असतो. जोडीला दर्जा तपासल्याची खूण शोधा: जपानी जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए, जर्मनीचा केबीए क्रमांक किंवा आपली आयएसआय. ही खूण धातूत उठलेली हवी, चिकटवलेला कागद नको. भाराचा हिशेब सोपा आहे. दरवाजाच्या खांबावरच्या पट्टीवर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचा कमाल भार लिहिलेला असतो. मोठा आकडा घ्या, समजा १,०५० किलो, त्याचे दोन भाग करा. ५२५ पेक्षा कमी क्षमतेचं चाक कितीही देखणं असलं तरी ठेवून द्या. पाठीवर भारच लिहिलेला नसेल तर किंमत विचारायचीही गरज नाही.

वजनकाट्यावर चाक ठेवायला लाजू नका. साधं ओतीव १८×८ चाक ११-१२ किलोच्या घरात जातं, फ्लो फॉर्मिंगचं (ओतल्यावर रिम रुळांनी दाबून पातळ केलेलं) त्याहून दोन-एक किलो हलकं असतं. हाच फरक गाडीच्या वेग घेण्यात आणि सस्पेन्शनच्या चालीत जाणवतो. नामवंत डिझाइनची हुबेहूब नक्कल बहुधा जड आणि ठिसूळ ओतीव असते. जुनी चाकं घेणार असाल, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून वा आणखी कुठून, तर आतल्या कडेवरून नख फिरवा. वेल्डिंगची गाठ किंवा नव्या रंगाचा जाड थर लागला तर तिथे तडा बुजवलेला असू शकतो. पावडर कोटिंग करून घेताना भट्टीचं तापमान विचारा. २०० अंशांवर तास-तासभर भाजलेल्या ॲल्युमिनियमची उष्णतेने आणलेली मजबुती उतरते. रत्नागिरी, मालवण, गोव्याकडे राहणाऱ्यांनी पॉलिश केलेली उघडी कड घेऊच नये. खाऱ्या हवेत लाखेखाली पांढरे किडे सरपटल्यासारख्या रेघा उमटतात आणि त्या थांबत नाहीत.

बाकी सजावटीबद्दल थोडक्यात. कॅलिपरवर चिकटवायची लाल खोटी टोपी घालू नका: ती उष्णता कोंडते आणि सुटली तर आऱ्यांत अडकते. कॅलिपर साफ करून उष्णतारोधक रंग लावला तर तेच रूप मिळतं. पुढचा बंपर बदलताना इंटरकूलरकडे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणारी जाळी बंद होत नाही ना, हे पाहा. जाळी बुजली तर मेच्या उन्हात टर्बो गाडीची ताकद पडलेली लगेच कळते. बंपरखालची लिप (पुढे आलेली पट्टी) दुहेरी टेपवर न लावता स्क्रूने बसवावी. मागच्या दिव्यांवर काळी फिल्म म्हणजे धुक्यात आणि पावसात मागच्याला ब्रेक न दिसणं.

कायदाही माहीत असावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. कलम १८२ए प्रमाणे नियमबाह्य बदलाबद्दल मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. काचांमधून पुढे-मागे किमान ७० टक्के आणि बाजूंनी किमान ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. रॅप (चिकटवायची रंगीत फिल्म) लावून गाडीचा पूर्ण रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंदलेल्या रंगाचं काय, हे आधी आरटीओत विचारा. आणि चाकांची पावती विमा कंपनीला देऊन लेखी नोंद करून घ्या, नाहीतर चाकं चोरीला गेली की हातात काही येत नाही.

पुरवणीच्या संपादकांना एक विनंती: चाकाच्या फोटोखाली रुंदी, ईटी, भोक, वजन आणि कमाल भार हे पाच आकडे छापा. एका ओळीत मावतात.

आणि वाचकांना: कंपनीची मूळ चाकं विकू नका. धुऊन, सुकवून, टायरसकट आडवी एकावर एक रचून सावलीत ठेवा आणि प्रत्येकावर खडूने मूळ जागा लिहा, ‘पुढे डावं’, ‘मागे उजवं’.

आपले नम्र,
चाकं आणि अलाइनमेंटच्या कामातले काही वाचक,
पुणे