‘खाऱ्या हवे’चे कारण देऊन रेग्युलेटरची वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: जुन्या मोटारसायकलसाठी घेतलेल्या 12 व्होल्ट चार्जिंग किटमधील सदोष रेग्युलेटर-रेक्टिफायर (तयार झालेल्या विजेचे व्होल्टेज आवरून ती बॅटरीला योग्य करून देणारा भाग) बदलून मिळणे व झालेल्या नुकसानीची भरपाई मिळणे.

महोदय,

माझ्याकडे 1978 सालची येझदी 250 आहे. तिची मूळची चार्जिंग व्यवस्था 6 व्होल्टच्या डायनॅमोची होती. म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडल्यानंतर या गाडीचे विजेचे सुटे भाग मिळणे हळूहळू दुरापास्त झाले आणि डायनॅमोचे आर्मेचर (आतला फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) पुन्हा भरून घेणे, कार्बन घासून बसवणे, कटआउटचे (डायनॅमो व बॅटरी आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट साफ करणे यांवरच दिवस काढावे लागले. गुहागरहून चिपळूणला जाऊन संध्याकाळी पावसात परतताना हेडलाइटच्या पिवळसर उजेडात रस्त्याची कड दिसत नाही, म्हणून आपले 12 व्होल्टचे किट मी आपल्या संकेतस्थळावरून मागवले. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

किट आपल्या माहितीपत्रकाप्रमाणे बसवण्यात आले. उजव्या बाजूच्या झाकणाखालील जुना डायनॅमो काढून नवा रोटर (फिरणारा भाग) व स्टेटर (वीज तयार होते तो स्थिर भाग) लावला, बॅटरी नवी 12 व्होल्टची सीलबंद घेतली, सर्व बल्ब व हॉर्न 12 व्होल्टचे घातले आणि रेग्युलेटर टाकीखाली फ्रेमला, वारा लागेल अशा जागी बोल्टने आवळला. सुरुवातीला गाडी झकास चालली. त्यानंतर हेडलाइटचा बल्ब गेला, नवा घातला तोही गेला, आणि एके संध्याकाळी शृंगारतळीच्या अलीकडे बाजूच्या पेटीतून सडक्या अंड्यांसारखा वास येऊ लागला. झाकण काढून पाहिले तर बॅटरीच्या दोन्ही भिंती बाहेर फुगल्या होत्या, हात लावता येणार नाही इतकी ती तापली होती आणि आतून बारीक खदखद ऐकू येत होती. सीलबंद बॅटरीत पाणी घालायची सोय नसल्यामुळे ती तेथेच बाद झाली.

नवी बॅटरी जोडून आमच्या मेस्त्रींनी माझ्यासमोर मल्टिमीटर लावला. आपल्या माहितीपत्रकात चार्जिंग व्होल्टेज 14.2, कमी-जास्त 0.3 असे छापले आहे. प्रत्यक्षात मंद गतीला 13.9 व्होल्ट दिसले. रेस वाढवताच काटा 15 च्या पुढे गेला आणि हेडलाइट बंद असताना 16.8 वर जाऊन थांबला. हेडलाइट लावल्यावरही तो 15.6 च्या खाली आला नाही. पूर्ण भरलेली बॅटरी निवांत असताना सुमारे 12.7 व्होल्ट दाखवते आणि तिला चार्जिंगसाठी 14 च्या आसपास पुरतात, हे आपल्याला मी सांगायला नको.

हे सारे छायाचित्रांसह आपल्याला कळवल्यावर आपल्या विभागाने एवढेच उत्तर दिले की, “समुद्रकिनाऱ्यावरील खाऱ्या हवेमुळे जोडण्या गंजल्या असून बसवणी अनधिकृत मेस्त्रीकडून झाली आहे, सबब वॉरंटी लागू नाही.” माझी मुख्य तक्रार या उत्तराबद्दल आहे. गंज म्हणून ज्याकडे बोट दाखवले गेले तो छायाचित्राच्या कोपऱ्यात दिसणारा मडगार्डचा नट आहे, आणि त्याचा विजेशी काही संबंध नाही.

आपल्या कारणाची तांत्रिक बाजूही तपासून पाहावी अशी विनंती आहे. जुन्या डायनॅमोत फील्ड कॉइलचा प्रवाह कमी-जास्त करून व्होल्टेज आवरले जात असे. आपल्या किटच्या रोटरमध्ये कायमचे चुंबक आहेत, त्यामुळे इंजिनचा वेग वाढला की स्टेटरचे व्होल्टेज वाढत जाणारच आणि ते आवरण्याचे काम एकट्या रेग्युलेटरचे आहे. आपल्या रेग्युलेटरला स्टेटरकडून येणाऱ्या दोन पिवळ्या, बॅटरीकडे जाणारी एक लाल आणि अर्थची एक काळी अशा चारच वायरी आहेत. बॅटरीचे व्होल्टेज वेगळे मोजणारी पाचवी वायर असती, तर ती गंजल्यामुळे रेग्युलेटरची फसगत झाली असे म्हणायला जागा होती. पण चार वायरींच्या या रचनेत लाल किंवा काळी जोडणी गंजली तर तेथे अडथळा निर्माण होऊन बॅटरीपर्यंत कमी व्होल्टेज पोहोचेल, जास्त पोहोचणार नाही. खाऱ्या हवेने बॅटरी उपाशी राहील. ती उकळायला रेग्युलेटरच बिघडलेला असावा लागतो.

हे तर्कावरच सोडू नये म्हणून इंजिन चालू ठेवून दोन मोजमापे आणखी घेतली. रेग्युलेटरचा लाल टोक ते बॅटरीचा धन टोक यांतला फरक 0.1 व्होल्ट आणि रेग्युलेटरची बॉडी ते बॅटरीचा ऋण टोक यांतला 0.04 व्होल्ट निघाला. गंजलेल्या जोडणीत असे आकडे येत नाहीत. स्टेटरची कोणतीही वायर बॉडीला लागलेली नाही, हेही पाहिले आहे.

बसवणीबद्दल म्हणाल, तर आपल्या माहितीपत्रकात “कोणताही कुशल मेस्त्री बसवू शकेल” असे ठळक अक्षरांत छापलेले आहे आणि रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यात आपले एकही अधिकृत केंद्र नाही. ऑर्डर घेताना पिन कोड विचारला जातो, तेव्हा माल किनाऱ्यावर चालला आहे हे आपल्याला दिसत असते. त्या वेळी खाऱ्या हवेची आठवण झाली नाही. शिवाय वेष्टनावर “पूर्णतः जलरोधक” हे शब्द आहेत. कोकणात आगोटीच्या तोंडावर माणूस असलेच शब्द वाचून पैसे मोजतो. जाता जाता आणखी एक: माहितीपत्रकातील आकृतीत स्टेटरच्या वायरी हिरव्या दाखवल्या आहेत, प्रत्यक्षात त्या पिवळ्या आहेत. आमच्या मेस्त्रींनी मीटर लावून खात्री केली म्हणून निभावले, पण पुढच्या छपाईत ही दुरुस्ती व्हावी.

तरी रेग्युलेटर-रेक्टिफायर विनामूल्य बदलून मिळावा आणि पाठवण्यापूर्वी तो पूर्ण रेसला, हेडलाइट बंद ठेवून तपासल्याचा आकडा लेखी कळवावा. फुगलेल्या बॅटरीची व दोन्ही बल्बांची किंमत सोबतच्या पावत्यांनुसार परत मिळावी, आणि वॉरंटी नाकारल्याचे पत्र मागे घेतल्याचे लेखी कळवावे. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार मी राहतो त्या जिल्ह्याच्या, म्हणजे रत्नागिरीच्या ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाण्याशिवाय मला गत्यंतर राहणार नाही. सदोष वस्तूमुळे दुसऱ्या मालमत्तेचे झालेले नुकसानही त्या कायद्यात धरले आहे.

निकामी रेग्युलेटर आणि फुगलेली बॅटरी मी जपून ठेवली आहे. रेग्युलेटर तपासणीसाठी हवा असल्यास आपल्या खर्चाने मागवून घ्यावा व त्याची पोच द्यावी. खासगी कुरिअर आमच्या वाडीपर्यंत येत नाही, म्हणून बदली भाग कृपया टपाल खात्याच्या स्पीड पोस्टने पाठवावा.

कळावे,

आपला ग्राहक
(नाव, पत्ता व बिल क्रमांक सोबतच्या अर्जात)
गुहागर, जि. रत्नागिरी

सोबत: बिलाची प्रत, बॅटरी व बल्बांच्या पावत्या, मल्टिमीटरच्या आकड्यांची छायाचित्रे, वॉरंटी नाकारल्याच्या पत्राची प्रत.