बहुमताचे उत्तर बरोबरच असते असे नाही

महोदय,

हजारो स्वयंसेवकांकडून छायाचित्रे आणि जुन्या नोंदी तपासून घेण्याच्या संशोधनावरील आपला लेख वाचला. 'बहुतेकांनी दिले तेच खरे उत्तर' हे त्यात गृहीत धरले आहे. गफलत तिथेच आहे.

हो-नाही स्वरूपाच्या प्रश्नात प्रत्येकाचे उत्तर ८० टक्के वेळा बरोबर येत असेल, तर तिघांचे बहुमत ८९.६ टक्के आणि पाचांचे ९४.२ टक्के वेळा बरोबर येते. पण त्यासाठी प्रत्येकाची चूक स्वतंत्र हवी. फसव्या चित्रावर प्रत्येकाचे हे प्रमाण ४० टक्क्यांवर आले, की तिघांचे बहुमत ३५.२ टक्क्यांवर घसरते. माणसे वाढवाल तशी चूकच पक्की होत जाते.

स्वयंसेवकांकडून दीर्घिकांच्या चित्रांची वर्गवारी करून घेणाऱ्या, २००७ साली सुरू झालेल्या 'गॅलेक्सी झू' प्रकल्पात घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या दीर्घिका जास्त भरल्या. मग तीच चित्रे आरशातल्यासारखी उलटवून दाखवली. तरीही पारडे त्याच बाजूला झुकले! दोष आकाशाचा नव्हता, पाहणाऱ्यांचा होता.

यावर उपाय जुनाच आहे. कोण कुठल्या प्रकारची चूक किती वेळा करतो, हे उत्तरांवरूनच काढून प्रत्येकाच्या मताला वजन देण्याची रीत डेविड आणि स्कीन या संख्याशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडली, तीही डॉक्टरांच्या नोंदींसाठी. संगणकवाल्यांनी ती बऱ्याच उशिरा हाती घेतली. शेजारच्या विषयात डोकवायची सवय आपल्याकडे कमीच.

काम लोकांकडे सोपवण्यापूर्वी शंभरेक नमुने दोन जाणकारांकडून वेगवेगळे तपासून घ्यावेत. त्यांचेच जुळत नसेल तर सूचना बदलाव्यात, लोकांना दोष देऊ नये. जुळण्याची नुसती टक्केवारीही फसवते: दहापैकी नऊ वेळा 'नाही' असे न पाहताच ठोकून देणारे दोघे ८२ टक्के वेळा जुळतात. म्हणून योगायोग वजा करणारा कोहेन यांचा 'कॅपा' हा निर्देशांक काढावा. उत्तर आधीच माहीत असलेले काही नमुने अधूनमधून मिसळावेत आणि ते बदलत राहावेत, नाहीतर ते ओळखू येतात. मोबदला देत असाल, तर तो नवख्याला लागणाऱ्या वेळावरून ठरवा. नगावर कमी पैसे दिले, की लोक न वाचताच उरकतात.

आणि प्रत्येकाचे मूळ उत्तर जपून ठेवा. केवळ बहुमताचा निकाल ठेवला, तर वर सांगितलेली वजने नंतर काढताच येत नाहीत.

— एक वाचक