चिऊला घेऊन येणे थोडे लांबणीवर

ती. आई-बाबा,
सा. न.

येण्याचा बेत मी तीन आठवडे पुढे ढकलला आहे. तिकिटेही बदलली, तेव्हा आई, फोनवर मला विरघळवू नकोस. बाबांच्या चष्म्याच्या काचा आणि तुझा गुडघ्याचा पट्टा आधीच पाठवते. ते माझ्यावाचून अडणार नाही.

"ताप उतरला ना, मग?" हे तुझे म्हणणे रास्त आहे. पण विषाणूचा ताप उतरून चार दिवस झाल्यावर चिऊ मध्यरात्री कान धरून रडत उठली आणि सकाळी उशीवर कानातून वाहिलेल्या पूचा पिवळसर डाग होता, म्हणजे कानात जिवाणूंचा संसर्ग. औषध सुरू आहे, आता ती हसते-खेळते, काळजी नको. लहान मुलांच्या नाकामागे न्यूमोकॉकससारखे जिवाणू एरवीही निमूट नांदतात. मात्र विषाणू श्वासमार्गाचे अस्तर सोलतो, कफ बाहेर लोटणारे सूक्ष्म केस झडतात आणि जिवाणूंना चिकटायला जागा मिळते. त्यात विषाणूशी झुंजताना शरीर इंटरफेरॉन नावाची जी प्रथिने सोडते, त्यांनीच जिवाणू गिळणाऱ्या पेशी काही काळ मंदावतात. १९१८ च्या साथीतले बहुतेक मृत्यू फ्लूपाठोपाठ आलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने झाले, ते यामुळेच. अस्तर भरून यायला काही आठवडे लागतात आणि तोवर शेंबडातून हे जिवाणू अधिक पसरतात.

बाबा, तुम्ही तिचा पापा घेतल्याशिवाय राहणार नाही, आणि राहूही नये. म्हणून तर हा उशीर. तिच्यात दोष आहे किंवा तुम्ही अशक्त आहात असे मुळीच नाही. पण तुमच्या आजारपणाचे ते बारा दिवस मी विसरलेले नाही. मुलांना न्यूमोकॉकसची लस मिळू लागल्यावर अनेक देशांत आजी-आजोबांचे आजारही घटले, यावरून हा जंतू कोणाकडून कोणाकडे जातो ते कळते.

तेवढ्यात डॉक्टरांना विचारून तुम्ही दोघांनी न्यूमोकॉकसची आणि फ्लूची लस घ्यायची. कपाटातल्या उरलेल्या प्रतिजैविकांना साध्या सर्दीत हात लावायचा नाही. त्या गोळ्यांनी विषाणू मरत नाहीत, उलट वाईट जिवाणूंना आवर घालणारे नाकातले निरुपद्रवी जिवाणू मात्र मरतात.

आई, माझा कान ठणकायचा तेव्हा तू मला रात्रभर खांद्यावर उभे धरून बसायचीस. आडवे केले की ठणका वाढतो, हे तुला कोणी सांगितले होते? त्या रात्री चिऊला मी तसेच धरले होते.

तुमची,
ताई