'स्टार रेक'च्या टाम्पेरेकर मंडळींना, मनःपूर्वक आभार

प्रिय सामुली टोर्सोनेन, टिमो वुओरेन्सोला आणि टाम्पेरेची सगळी हौशी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

'स्टार रेक: इन द पिर्किनिंग' हा अंतराळातला विनोदी सिनेमा तुम्ही ऑक्टोबर २००५ मध्ये इंटरनेटवर मोफत दिलात. कॉपी करा, मित्रांना द्या, फक्त त्याचा धंदा करू नका आणि त्यात फेरफार करू नका, एवढ्याच अटी. म्हणून तर फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरात पदरमोड करून केलेला हा सिनेमा पुण्यात आम्हाला बघायला मिळाला. त्याबद्दल आभार आहेतच, पण पत्र लिहायचं खरं कारण वेगळं आहे.

आम्ही काही मित्र घरच्या घरी अंतराळातला एक विनोदी लघुपट करतोय. खिशात पैसे नसले की 'कॉमेडीच आहे, चालून जाईल' हे वाक्य सहज तोंडी येतं. तुमच्या सिनेमात ते कुठेच ऐकू येत नाही.

सामुली, तुमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये निळ्या लिनोलियमचा (जमिनीवर अंथरतात त्या आवरणाचा) एक तुकडा, त्याच्यापुढे नट उभे, आणि भोवतालचं अख्खं जहाज नंतर कॉम्प्युटरवर उभारलेलं. रेंडरिंगला, म्हणजे कॉम्प्युटरकडून चित्रं तयार करून घ्यायला, स्वयंपाकघरात मांडलेले घरगुती कॉम्प्युटर. पडद्यावरच्या एका सेकंदाला वीस-पंचवीस फ्रेम लागतात, आणि प्रत्येक फ्रेम वेगळी रेंडर करावी लागते, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. त्यात 'बाबेल १३' या अंतराळस्थानकाजवळची ती लढाई केवढी लांबलचक! सिनेमाचा नायक पिर्क, त्याचा ताफा तुटून पडतो, पण एकही जहाज उरकून टाकलेलं दिसत नाही. 'स्टार ट्रेक' आणि 'बॅबिलॉन ५' या दोन्ही मालिकांवर मनापासून प्रेम असल्याशिवाय त्यांची अशी खिल्ली उडवता येत नाही.

आणि हसू येतं ते पिर्कचं. जग जिंकलेला सम्राट, पण हट्टी आणि कोत्या मनाचा. त्याच्याभोवतीची जहाजं खरी वाटतात, म्हणूनच हा माणूस इतका हसवतो. सामुली, ही भूमिका तुम्हीच केलीत, आणि जहाजांवरही तुम्हीच राबलात!

१९९२ मधल्या साध्याशा अ‍ॅनिमेशनपासून हे वेड सुरू झालं. या सिनेमाला सात वर्षं गेली, ३०० हून अधिक लोकांनी हातभार लावला, बहुतेक जण हौसेखातर. आमच्या हौशी रंगभूमीवर वाढलेल्या कुणालाही ही माणसं लगेच ओळखीची वाटतील. पुढे २०१२ मध्ये तुमचा 'आयर्न स्काय' आला. तो कितीतरी मोठ्या पैशाचा. माझा जीव मात्र या स्वयंपाकघरातल्या सिनेमावरच जास्त.

तुमच्यामुळे आम्ही आमचं यान पुन्हा पहिल्यापासून करायला घेतलंय, खिडक्यांतल्या दिव्यांसकट. लघुपट झाला की तोही मोफत देणार आहोत, आणि श्रेयनामावलीत टाम्पेरेचे आभार असतील.

तुमचा स्नेहांकित,
पुण्याचा एक प्रेक्षक