तात्या, उपरणं अजून शेडमधल्या खिळ्यालाच आहे

आदरणीय तात्यांना साष्टांग नमस्कार.

माझा चिपर, म्हणजे ट्रॅक्टरवर चालणारं लाकडाचा भुगा करायचं यंत्र, ठीक करून दिलात, त्याचे पैसे किती झाले विचारलं तर तुम्ही ‘चहा टाक’ म्हणालात, आणि दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा चक्क रागावलात. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण आपल्या निफाड-दिंडोरीकडे माझ्यासारखे मिनी ट्रॅक्टरवाले पुष्कळ आहेत आणि सेकंडहँड चिपर घेऊन फसलेलेही असतील.

थॉमसन द्राक्षाची दोन एकर जुनी बाग काढली तेव्हा खोडं आणि ओलांड्यांचा (वेलाच्या आडव्या जाड फांद्यांचा) हा ढीग बांधावर पडला होता. एरवी खरडछाटणीच्या काड्या मी पेटवून मोकळा व्हायचो. या वेळी म्हटलं, भुगा करून शेतातच घालू. चिपर विकणारा म्हणाला, ‘पाच इंची लाकूड आरामात खातो.’ खात असेलही, पण मोठ्या ट्रॅक्टरला जोडला तर. माझा 24 एचपीचा, आणि त्यातली सगळी ताकद पीटीओला, म्हणजे जोडलेलं यंत्र फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याला, पोचत नाही, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. तिसऱ्याच खोडाला इंजिन कण्हायला लागलं, काळा धूर आला, आणि मी मशीन चालू ठेवून हॉपरमध्ये, लाकूड घालायच्या तोंडात, दांडक्यानं ढोसत बसलो.

तुम्ही सायकल बांधाला टेकवलीत, आलात, आणि एक शब्द न बोलता माझ्या गळ्यातलं उपरणं ओढून काढलंत. मला रागच आला, खोटं कशाला बोलू. मग म्हणालात, ‘चावी काढ. खिशात टाक. आता बोलू.’ आणि विचारलंत, ‘पीटीओ मिनिटाला 540वर फिरतो म्हणजे किती? सेकंदाला 9 फेरे. उपरण्याचं टोक शाफ्टला लागलं तर हात वर करायला तरी वेळ मिळेल का तुला?’ पीटीओपासून चिपरपर्यंत जाणाऱ्या त्या शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर आधीच्या मालकानं कधीच काढून टाकलेलं होतं. ते नवं बसेपर्यंत तुम्ही मशीनला हात लावू दिला नाहीत. तीन दिवस गेले. ते तीन दिवस मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय म्हणालो, ते इथे लिहीत नाही.

शाफ्टचं दुखणं तर मला कळलंच नव्हतं. मी तो पहारीनं रेटून बसवला होता आणि ‘घट्ट बसला’ म्हणून खूश होतो. तुम्ही हायड्रॉलिक हळूहळू उचलून दाखवलंत. शाफ्ट आडवा सरळ होतो तिथं अंतर सगळ्यात कमी होतं, आणि आत सरकायला नळीला जागाच उरत नव्हती. सगळा रेटा पीटीओच्या बेअरिंगवर आणि चिपरच्या गिअरबॉक्सवर! मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाचा शाफ्ट लहानाला असाच लांब पडतो, म्हणालात. खडूनं खूण करून आतली-बाहेरची नळी आणि दोन्ही कव्हरं सारख्याच मापानं कापलीत, कानशीनं कडा साफ केल्यात, ग्रीस भरलंत. जास्त कापायची मला घाई झाली तेव्हा हात धरलात: नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश तरी राहिल्याच पाहिजेत.

मग पाती. त्यांना मी गावातल्या ग्राइंडरवर धार लावून आणली होती. कडेवरची निळी झाक बघून तुम्ही नुसतं ‘पाणी उतरवलंस’ म्हणालात, म्हणजे तापून पोलादाचा कडकपणा गेला. शिवाय एका पात्याला खाच. त्या खोडाच्या चिरफळीतून तुम्ही नखाएवढा तारेचा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवलात. इतकी वर्षं वेल मांडवाच्या तारेला बिलगून वाढतो आणि शेवटी तार पोटात घेतो, हे मी रोज बघत आलो, तरी ध्यानात आलं नाही. आता प्रत्येक खोड आधी फिरवून बघतो, शंका आली की बाजूला. दोन्ही पाती तुम्ही सारखी घासलीत, नाहीतर पाती बसवलेली चकती एका अंगाला जड होऊन थरथरते म्हणून. आणि पातं व खालच्या पट्टीतली फट लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घालून जुळवलीत.

तेव्हापासून मनगटापेक्षा जाड लाकूड आत जात नाही. जाड बाजू आधी, शेंडा मागून. इंजिनाचा आवाज बसला की घालणं थांबवायचं, त्याला दम घेऊ द्यायचा. लाकूड ओलं असतानाच उरकायचं, वाळलं की दगड होतं. पीटीओ बंद केल्यावरही ती जड चकती फिरतच राहते. तुम्ही तंबाखू मळून, दाढेला लावून मग झाकण उघडलंत. मी तंबाखू खात नाही, पण तेवढा वेळ उभा राहतो.

भुग्याचं सांगायचं राहिलं. पिठ्या ढेकूण दिसला तेवढं लाकूड वेगळं जाळलं. बाकीचा थोडा शेणकाल्याबरोबर खड्ड्यात थर लावून कुजत टाकलाय, उरलेला नव्या बागेत ओळीनं वर पसरला. मातीत मिसळला नाही, तुम्ही बजावलं होतं की कच्चा भुगा आत गेला की कुजताना नत्र ओढतो. उन्हाळ्यात भर दुपारी हात घालून बघितलं, खाली ओल होती.

ते उपरणं तुम्ही शेडमधल्या खिळ्याला अडकवलं होतंत. मशीन चालू करायच्या आधी आता मी गळ्यातलं काढून तिथंच टांगतो. बायको पदर खोचून, बांगड्या काढून येते, आणि हॉपरजवळ नाही, ढिगाशी उभी राहते. ती म्हणते, उपरणं धुवायला तरी टाका, ग्रीसनं काळं झालंय.

तुमची बारीक कानस माझ्याकडेच राहिली आहे. रविवारी आणून देतो. चहा तुमच्याकडे.

आपला,
बांधापलीकडचा