जिन्याखालचं स्कूटर चार्जिंग बंद करण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली गृहनिर्माण सोसायटी, वरोरा

नमस्कार भाऊ,

आधी परवाचं सांगते मग नियमाचं बोलते. रात्री लाइट गेली होती, साडेदहाला आली तशी मी स्कूटर पाहायला खाली गेली, तर जिन्याखाली तीन स्कूटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लागलेल्या. त्यातली एक माझीच, म्हणून हे कोणाच्या विरोधात लिहून नाही राहिली. पिन काढायला हात लावला तर चटका बसला, आणि बोर्डाच्या भोकाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं. एक चार्जर सहाशे-सातशे वॅट खातो, तीन मिळून दोन हजार झाले म्हणजे जवळपास ९ अँपिअर, आणि बोर्ड ६ अँपिअरचा! रात्रभर तसंच राहिलं असतं तर?

भाऊ, आपल्या बिल्डिंगला जिना एकच आहे. लिथियमची बॅटरी पेटली की धूर विषारी असतो आणि तो जिन्यातूनच वर चढतो. वरच्या मजल्यावरच्या काकाजींचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत, ते उतरणार कुठून? पार्किंगमधल्या आग विझवायच्या लाल सिलेंडरवर पण भरवसा नको, पावडरने जाळ दबतो पण बॅटरी आतून गरम असते, पुन्हा पेट घेते, तिला थंड करायला भरपूर पाणी लागते.

म्हणून पहिला नियम हाच करा की जिन्याखाली आणि घराच्या दारात चार्जिंग नाही. कंपाउंडच्या मागच्या भिंतीला टिनाच्या शेडची जागा रिकामीच पडली आहे, तिथे १६ अँपिअरचे पक्के सॉकेट लावा, प्रत्येकाला जास्त लोड आला की आपोआप पडणारा वेगळा एमसीबी, नीट अर्थिंग, करंट लीक झाला तर लाइन तोडणारा आरसीसीबी आणि सबमीटर, म्हणजे ज्याचं बिल त्याने भरायचं, त्यावरून भांडण नको. वायरिंग लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, कोपऱ्यावरच्या पोट्ट्याकडून नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, दुपारी उन्हातून आणलेली गाडी लगेच लावायची नाही, तासभर सावलीत थंड होऊ द्यायची. चार्जर कंपनीचाच पाहिजे, बाजारातला स्वस्तातला नको. सगळे झोपल्यावर रात्रभर लावून ठेवणं पण बंद.

दुसरं पोट्ट्यांचं. आठवी-नववीतले लेकरं तिघं तिघं बसून गल्लीत स्कूटर पळवून राहिले, हेल्मेट तर सोडाच. मागच्या आठवड्यात आई वट्ट्यासमोर चादरीवर कुरड्या वाळत घालत होती, पेट्रोलच्या गाडीचा आवाज येते तरी, ही गाडी अंगावर आली तेव्हाच कळली. चाक चादरीवरून गेलं, आईचा हात वाचला. आईबापांना वाटते की इलेक्ट्रिकला काही लागत नाही. २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ किमीच्या आत पळणारी जी असते फक्त तिलाच लायसन्स आणि पासिंग लागत नाही, हिरव्या नंबर प्लेटवाल्या सगळ्या गाड्यांना लायसन्स, इन्शुरन्स, हेल्मेट सगळं लागते. अल्पवयीन पोराच्या हातात अशी गाडी दिली तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद आहे, हे नोटीस बोर्डावर मोठ्या अक्षरात लावा. आणि २५० वॅटच्या आतली लहान गाडी असली तरी कंपाउंडमध्ये १६ वर्षांखालच्याने चालवायची नाही, माणूस चालते तेवढाच वेग आणि वळणावर हॉर्न, हे आपलं आपण ठरवू शकतो.

मी गाडीच्या विरोधात नाही. पेट्रोल शंभराच्या वर आहे, मला शाळेत जाऊन येऊन रोज २२ किमी पडते, या गाडीनेच परवडते. पण आमसभेची वाट पाहू नका, या रविवारीच मीटिंग लावा. सॉकेटचा खर्च आम्ही तिघं स्कूटरवाले अर्धा देतो, बाकीच्या दोघांशी बोलून झालं आहे.

तो बोर्ड मी काढून घरी ठेवला आहे. मीटिंगला घेऊन येते, सगळ्यांनी हातात घेऊन पाहावा.

आपली,
फ्लॅट नं. ८